राहुकाळाच्या आधी

तो सोमवार मी आजही विसरलेलो नाही. चेन्नईबाहेरच्या एका लहान धावपट्टीवर प्रशिक्षणाचं विमान उडता उडताच कोसळलं. पहिल्यांदाच एकटीने उडणारी बावीस वर्षांची मुलगी जागीच गेली.

तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख मीच होतो. अपघाती मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला. तज्ज्ञांनी सांगितलं, इंधनात पावसाचं पाणी शिरलं होतं. रोज सकाळी टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या बरणीत काढून पाणी आहे का ते बघायचं असतं. वहीत तशी मेकॅनिकची सही होती.

दोन दिवसांनी तिथली कँटीनवाली ठाण्यात आली. "सार, त्या दिवशी बरणी फळीवरून हललीच नाही. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं."

मेकॅनिक पन्नाशीचा, सरळ माणूस. माझा आवाज मोठा, टेबलावर हात आपटायची सवय. तो हूं की चूं करेना. शेवटी मी कॉफी मागवली आणि गप्प बसलो. माणूस ओरडण्याला सरावतो, शांततेला नाही.

"सार, साडेसातला राहुकाळ लागत होता," तो म्हणाला. "तिचे वडील घड्याळ धरून कुंपणाशी उभे. 'त्याआधी उडू दे, तंबी,' असं धाकट्या भावासारखं विनवत हात जोडले. माझ्याही घरी राहुकाळात नवं काही सुरू करत नाहीत. सही केली, बरणी राहिली."

मी जबाब लिहायला घेतला, तसा त्याने माझा हात धरला. "वडिलांचं नाव नको, सार. त्यांना जगायचंय."

वडील आमच्याच तंजावरी मराठी समाजातले, निवृत्त शिक्षक. एकुलती लेक. माझा जीव कळवळला. मी एवढंच लिहिलं: कामात हयगय केली. जन्मात पहिल्यांदा जबाब अर्धा लिहिला, आणि मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं.

कोर्टात त्याच्या वकिलाने कारण विचारलं. तो म्हणाला, आळस केला. न्यायाधीशांनी कसलीही दया न दाखवता कैदेची शिक्षा दिली.

बाहेर मुलीच्या वडिलांनी मेकॅनिकची गचांडी धरली. तो हात जोडून खाली बघत राहिला. मी त्यांना सोडवलं, तसे ते माझ्याकडे वळून आपल्या घरच्या मराठीत म्हणाले, "तुम्हीच सांगा, पांच मिनिटं थांबला असता तर काय जात होतं ह्याचं?"

दया करायची तर स्वतःच्या पदरची करावी, हे मला तेव्हा कळलं. मी दुसऱ्याच्या पदरची केली होती. बेड्या घातलेले त्याचे हात माझ्यासमोर होते, आणि मी म्हणालो, "खरं आहे, सर."