बिनटाक्याचं ऑपरेशन

गल्लीतल्या प्लंबरकाकांचं सगळं आयुष्य एका वाक्यावर चाललं होतं: "भिंत फोडल्याशिवाय जमायचं नाही." नळ ठिबकू दे नाहीतर मोरी तुंबू दे, पिशवीतून आधी हातोडा बाहेर यायचा. काकांनी फोडून ठेवलं की मागोमाग त्यांचा मेव्हणा फरशी बसवायला हजर.

अशा माणसाच्या मूत्रनळीत खडा अडकला. आता आपल्यालाही फोडणार, अशी काकांनी मनाची तयारी केली. पण डॉक्टरांनी लघवीच्याच वाटेने बारीक दुर्बीण आत सरकवली, लेझरने खड्याचा चुरा केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घरी धाडलं. भेटायला येणाऱ्यांना दाखवायला अंगावर एक टाका नाही. काकांना फसवल्यासारखंच वाटलं.

"ऑपरेशन म्हणे," ते बायकोवर डाफरले. "याहून जास्त तर दाढी करताना कापतं."

बायकोने कौतुकाने ही गोष्ट गल्लीभर केली.

बरे झाल्यावर काका पहिल्यांदा कामाला गेले ते वरच्या मजल्यावरच्या मावशींची तुंबलेली मोरी बघायला. त्यांनी सवयीने हातोडा काढला, तशा मावशी मोरीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"तुमचा खडा काहीही न फोडता निघाला, मग माझीच भिंत का फोडायची?"

काकांनी जिन्याकडे पाहिलं. मेव्हणा फरश्या घेऊन तिथे आधीच येऊन बसला होता.

"मावशी," काका म्हणाले, "त्या डॉक्टरांना मेव्हणा नसणार."