दिपमालाची झोप

सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरकडच्या एका गावात शेवंताबाईइतकं आगीचं शहाणपण दुसऱ्या कुणाला नव्हतं. लाकूड कसं वाळलंय हे ती टिचकी मारून सांगायची. ओलं सरपण चुलीत घालणाऱ्या सुनांची तर ती अशी हजेरी घ्यायची की विचारू नका. "धूर करायला जळण आणलं का गं बयो? डोळे काय भाड्याचे आहेत?" कपाशीच्या पऱ्हाट्या भुर्रकन जळतात, त्या पेटवण्यापुरत्या, निखारा हवा तर धावड्याच्या लाकडाचा, आणि वर राखेचा पातळ थर, म्हणजे मूठभर लाकडात अर्धा दिवस ऊब. गावात कुणी बाळंत झालं की बाजेखालची शेगडी शेवंताबाईनेच भरायची, हे ठरलेलं.

मग सहा वर्षांपूर्वी तिची स्वतःचीच लेक, दिपमाला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. थंडी अशी की दात वाजावेत. शेवंताबाईने काही म्हणता काही कमी केलं नाही. खिडकीत गोधडी कोंबली, दाराच्या फटीत चिंध्या घातल्या, कारण ओल्या बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही. लाकडं अंगणात जाळली, धूर पार निघून जाऊ दिला आणि नुसते लालबुंद निखारे शेगडीत भरून बाजेखाली सरकवले. धूरच नाही तर भीती कसली? तिचं सगळं शहाणपण तिथे येऊन थांबत होतं, आणि तिथेच ते कमी पडलं.

सकाळी तान्ह्या नातीला घेऊन ती अंगणात उन्हात बसली. दिपमाला रात्रभर जागी होती, म्हणून दार ओढून घेतलं. पोरीला तेल लावलं, शेकलं. पोर भुकेने रडायला लागली. शेवंताबाईची जाऊ म्हणाली, "उठव तिला, पाजू दे." शेवंताबाईने पोरीला साखरपाण्याचं बोट चाटवलं आणि म्हणाली, "राहू दे, जरा झोपू दे माझ्या लेकीला."

दार उघडलं तेव्हा लेक उठली नाही. ती कधीच उठली नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की निखाऱ्यातून विषारी वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. कोंडलेल्या खोलीत माणूस झोपेतच जातं. जावई रोहिदास धुळ्याहून आला, आपल्या तान्ह्या लेकीला, सोनलला, घेऊन गेला. सासूला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं शेवंताबाईला आजही वाटतं.

तेव्हापासून ती बाळंतिणीच्या घरी जाते आणि एकच सांगते. खोलीत ऊब न्या, विस्तव नेऊ नका. विटा बाहेर तापवा, जाड कापडात गुंडाळा, बाजेखाली ठेवा. खिडकी उघडी असू द्या. काही ऐकतात. बऱ्याच जणी दारातूनच वाटेला लावतात. पोटची पोर गमावलेली बाई बाळंतिणीच्या खोलीत कुणाला हवी असते?

यंदाच्या पौषात शेजारच्या कुंदाबाईची लेक सुनिता बाळंत झाली. शेवंताबाई सकाळीच जाऊन उभी राहिली. कुंदाबाई अंगणात नातवाला घेऊन उन्हात बसलेली, खोलीचं दार ओढलेलं.

"शेगडी आत आहे का गं?"

"हो, शे. पण तू आत नको जाऊ बाई," कुंदाबाई मान वळवून म्हणाली. "राग नको धरू."

शेवंताबाई माघारी वळली. राग कसला धरायचा? एवढ्यात बाळ रडायला लागलं. ते टाहो फोडून रडत होतं, आणि कुंदाबाई त्याला थोपटत म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे बाप्पा, माय निजेल शे तुनी. बठ्ठी रात जागी व्हती."

शेवंताबाई गर्रकन मागे फिरली. ती धावली. "अगं, काय करतेस!" म्हणत कुंदाबाई उठेपर्यंत तिने दार ढकललं, खिडकीतली गोधडी उपटून फेकली आणि सुनिताला खांदे धरून गदागदा हलवलं. "उठ! सुनिता, उठ व माय!"

एक क्षण काहीच झालं नाही. शेवंताबाईच्या तोंडून हुंदका फुटला. "कुंदा, मीच मारी व मनी पोर! निजू दे, निजू दे म्हणत मारी!" बाळाला छातीशी धरलेली कुंदाबाई दारातच पांढरीफटक पडली.

आणि सुनिताने डोळे उघडले. बाळाला अंगणातल्या गोधडीवर ठेवून दोघींनी तिला धरून उन्हात आणलं, कुंदाबाईने परत जाऊन शेगडी उचलली आणि थेट उकिरड्यावर रिकामी केली. सुनिता कपाळ दाबत वैतागून म्हणाली, "काय व काकू! जरासा डोया लागना व्हता. डोकं ठणकी ऱ्हायनं मनं."

"रागव बाई, रागव," शेवंताबाई रडत म्हणाली. "आणखी रागव."

कुंदाबाई गाडी बघायला धावली, सुनिताला दवाखान्यात न्यायला. शेवंताबाई मात्र सुनिताचा हात धरून तिथेच बसून राहिली. झोपमोड झाली की दिपमालाही अशीच करवादायची.