गावंडेंच्या जीपमधला खट्ट

नागपुरात दोन गोष्टी न मागता जमतात. कूलरच्या टाकीत डास आणि उघड्या बॉनेटभोवती सल्लागार! आमच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या प्रकाराचा सुकाळ आहे. गावंडे, देवतळे आणि मी एकाच सरकारी कार्यालयातून निवृत्त झालो. त्यामुळे ज्या विषयात गती नाही त्यावर ठाम मत देण्याची सवय जुनीच. त्यात गावंडेंनी जीप घेतली. तेव्हापासून इतके किस्से साठले आहेत, की टपरीवर नवा माणूस आला तर चहा उकळेपर्यंत आम्ही त्याला तेच पाजतो.

निवृत्तीनंतर माणूस देवळात जातो, नाहीतर डॉक्टरकडे. गावंडेंनी जुनी फोर-बाय-फोर जीप आणली. सावनेरकडे त्यांचं शेत आहे आणि पावसाळ्यात तिथली काळी माती स्कूटर गिळते, हे सांगायचं कारण. खरं कारण वेगळं. कुसुमवहिनींना शेजारी बसवून रानावनातून हिंडायचं, हे त्यांनी ऑफिसात असतानाच ठरवलं होतं.

जीप दारात आली. वहिनींनी ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि माहेराहून आणलेली घोड्याची नाल काळ्या दोऱ्यानं पुढे बांधायला घेतली.

"समोर नको वं," गावंडे म्हणाले. "ट्रकवानी दिसते."

"मग खालून बांधते. नजर का वरूनच लागते?"

नाल बंपरच्या मागे गेली. कोणाला दिसेना. वाद मिटला.

चांगला दिवस पाहून पहिली फेरी निघाली. गल्लीच्या स्पीडब्रेकरवर पुढच्या चाकापाशी आवाज आला. खट्ट! पुढच्या खड्ड्यात पुन्हा खट्ट! वहिनी तिथेच उतरल्या आणि चालत घरी आल्या.

"अवो, आवाज बंद होईस्तोवर मी या गाडीत बसत नाही. चाक निखळलं म्हणजे? आन् पोळ्यापर्यंत बंद नाही झाला, तर गाडी माह्या भावाले देऊन टाका. त्याले तसंही कमी ऐकू येते!"

* * *

आम्ही जीप घेऊन जरीपटक्याला किस्ना मिस्त्रीकडे गेलो.

"कसा आवाज येते? करून दाखवा," तो म्हणाला.

"खट्ट!" गावंडे म्हणाले.

"नाही गा, धडूम!" देवतळे म्हणाले. ते आमचे हेडक्लार्क होते. दुसऱ्याच्या मसुद्यात दुरुस्ती केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

मी आपला मध्यममार्ग काढला. "टणक्."

मिस्त्रीनं तिघांकडे पाहिलं. "गाड्या किती हायेत तुमच्या?"

मग त्यानं हात धुतले, नाल सोडून कपाळाला लावली आणि गॅरेजातल्या देवाच्या फोटोखाली ठेवली. पूजेच्या वस्तूला ग्रीस लागायला नको! बॉल जॉइंट बदलला, चक्कर मारून आणली. गाडी एकदम चूप. नाल परत जागेवर बांधून, नमस्कार करून, त्यानं जीप आमच्या ताब्यात दिली.

बाजारातल्या पहिल्याच खड्ड्यात खट्ट!

"गाडी मिस्त्रीले भेते," देवतळेंनी शेरा मारला.

* * *

पुढचा उपाय देवतळेंचा. गाडी अगदी हळू चालवायची आणि एकानं चाकाकडे कान लावून सोबत चालायचं. कान त्यांचाच.

ते कमरेत वाकून, एक कान पुढे काढून निघाले. फाटकातून एका बाईंनी विचारलं, "काय हरवलं भाऊ?" देवतळेंनी ओठावर बोट ठेवलं. ज्याअर्थी बोलायची सोय नाही, त्याअर्थी वस्तू मोलाची असणार. बाई वाकून शोधायला लागल्या. त्यांना पाहून शेजारचे वाकले. वळणापर्यंत निम्मी गल्ली खाली मान घालून चालत होती आणि मागे कोणीतरी सांगत होतं, "सोन्याची अंगठी होय म्हणते!"

शेवटी एकाला किल्ली सापडली. ती कोणाची, हे आजवर कळलेलं नाही. आवाज मात्र सापडला नाही.

* * *

गावंडेंना आता चैन पडेना. जेवताना पानावरून उठून गाडी हलवून यायचे. टपरीसमोरून ऑटो गेला तरी वाक्य अर्ध्यात सोडून म्हणायचे, "हा! असाच!"

एका ओळखीच्यांकडे आम्ही दुखवट्याला गेलो. त्यांची मुलगी रडत रडत वडिलांचं सांगत होती. वर पंखा खटखटत होता आणि गावंडे छताकडे टक लावून बसले होते. मुलीच्या ते लक्षात आलं. तिनं डोळे पुसले आणि उठून पंखा बंद केला.

"चालू ठेव बेटा," गावंडे म्हणाले. "अजून नीट ऐकलं नाही."

* * *

मग मिहानकडच्या एका चकाचक वर्कशॉपची पाळी. तिथे एसी, कॉफी आणि इंजिनाला जोडायचा लॅपटॉप. टाय लावलेल्या इंजिनियरनं बराच वेळ स्क्रीन पाहिला.

"सर, सिस्टीममध्ये कुठलाच आवाज दाखवत नाही."

"कानाले दाखवते न गा!" गावंडे कळवळून म्हणाले.

त्यांनी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, लिंक रॉड बदलले, गाडी आरशासारखी धुतली. चाचणीत टाचणी पडल्याचाही आवाज नाही. किल्ली देताना इंजिनियर अदबीनं म्हणाला, "सर, आपका शुभ वाला सामान भी साफ करके, नए धागे से बाँध दिया है."

गेटाबाहेर खट्ट! आणि आधीपेक्षा खणखणीत!

* * *

पोळा तोंडावर आला. मेहुण्याचा फोन येऊन गेला, गाडीचा रंग बदलता येतो का विचारायला.

शेवटचा उपाय म्हणून, मोकळ्या रानात तरी आवाज पकडता येईल या आशेनं, आम्ही तिघं जीप घेऊन शेतावर गेलो. पाऊस झालेला, चिखल गुडघाभर. आणि काय सांगू, परतताना आवाज गायब! गावंडे स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवायला लागले. घरी येऊन त्यांनी प्रेमानं जीप धुतली. लगेच गल्लीत चक्कर मारली.

खट्ट!

आंघोळ केल्यावर आजारी पडणारी माणसं मी पाहिली आहेत. गाडी पहिल्यांदाच पाहिली.

गावंडे पाण्याचा पाइप घेऊन खाली सरपटत गेले. "काय झालं गा?" मी विचारलं. गाडीखालून फक्त एक हात बाहेर आला. हातात नाल. सगळी पुन्हा गंजलेली, पण एक कड घासून चांदीसारखी चकाकत होती. दोरा लांब आणि बंपर आतून पोकळ. प्रत्येक खड्ड्यात ती त्यावर आपटत होती; शेतातल्या चिखलात लिंपली, तेवढ्यापुरतीच गप्प होती. ज्यानं त्यानं ती भक्तीनं काढली, तिच्याशिवाय गाडी तपासली आणि भक्तीनं परत बांधली!

"वहिनीले सांग सरळ," मी म्हणालो.

"काय सांगू? तुहीच नाल वाजते म्हणून?" गावंडे खालूनच म्हणाले. "त्यापेक्षा साळ्याले जीप देणं सोपं हाये."

नाल फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात गेली.

* * *

पोळ्याच्या दिवशी वहिनी पुढे बसल्या. मांडीवर बैलांसाठी पुरणपोळ्यांचा डबा. मागे साक्षीदार म्हणून देवतळे आणि मी. गाडी खड्ड्यांवरून मांजरीसारखी चालली. वहिनींनी खिडकीवर कोपर टेकवलं. गावंडे शीळ घालायला लागले.

शेताच्या वळणावर वहिनींच्या हाताला डब्याचं तूप लागलं. पुसायला काही मिळतं का म्हणून त्यांनी कप्पा उघडला. फडकं ओढलं. नाल मांडीवर पडली.

शीळ थांबली.

"ही काहून काढली?"

गावंडेंनी खरं ते सांगून टाकलं. देवतळेंनी माझा हात धरला. मेहुण्याला जीप कोणत्या रंगात शोभेल, याचा मी विचार करायला लागलो.

वहिनींनी नाल उलटसुलट पाहिली. चकाकत्या कडेवरून अंगठा फिरवला.

"इतका मार खाल्ला हिनं," त्या म्हणाल्या. "तुमच्या वाटचा! आन् तुम्ही हिले फडक्यात कोंबली? बांधा आधी."

गावंडेंनी सणाच्या पांढऱ्या शर्टासकट चिखलात आडवं होऊन नाल बांधली. मग शेतापर्यंत प्रत्येक खड्ड्यात खट्ट! प्रत्येक खट्टला वहिनी समाधानानं मान हलवायच्या. "वाजली म्हणजे हाये."

परतताना सावनेर मागे पडलं आणि नवा सिमेंटचा रस्ता लागला. गुळगुळीत. वहिनी हळूहळू सरळ बसल्या. कान टवकारले. मग एकदम गावंडेंचा दंड धरला.

"अवो, थांबवा! थांबवा गाडी!"

"काहून वं? काय झालं?"

"आवाज बंद झाला!"