काकूच्या हातच्या वेण्या

कागलच्या पुढे एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. सकाळी प्रार्थना झाली की मुलांच्या रांगेतून फिरायचं काम माझ्याकडे असतं. नखं कापलेली आहेत का, शर्ट आत खोचलाय का, मोजे एकाच जोडीचे आहेत का, मुलींच्या दोन वेण्या दुमडून वर बांधल्या आहेत का, हे सगळं मी बघते. एखादीची वेणी सुटलेली असली की तिला बाजूला घेते आणि उभ्या उभ्या नीट बांधून देते. त्या गावातल्या निम्म्या मुलींच्या केसांना कधी ना कधी माझा हात लागलेला आहे. माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेण्या मात्र माझी धाकटी जाऊ घालते.

हे लिहितानासुद्धा मला सहन होत नाही. जळफळाट म्हणतात तो हाच, त्याला दुसरं गोंडस नाव द्यायची मला गरज वाटत नाही.

आम्ही कोल्हापुरात एकाच घरात राहतो. दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि प्रत्येकीला एकेक मुलगी. माझी तिसरीत, तिची दुसरीत, शाळा एकच. मला साडेसातची एसटी गाठावी लागते. मी चपला घालते तेव्हा माझी लेक तोंडात ब्रश घेऊन अर्धवट झोपेत उभी असते. तिथून पुढचं सगळं, म्हणजे अंघोळ, डबा, गणवेश, वेण्या आणि रिक्षात बसवून देणं, जाऊ बघते. ओळखीच्या बायका म्हणतात, नशीब काढलंस, अशी जाऊ आजकाल कुणाला मिळते. मी हसून मान डोलावते. मनात येतं की हे नशीब आठ दिवस तुम्हीच घेऊन जा आणि मग काय ते सांगा.

जाऊ कबनूरची. तिच्या माहेरी घरालाच लागून यंत्रमाग आहेत. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे ती शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तशी बोलते. वेण्या घालायला बसली की सगळ्या गल्लीला कळतं. घराच्या पुढच्या सोप्यात पाट मांडलेला असतो, खोबरेल तेलाची वाटी, फणी आणि धुऊन इस्त्री केलेल्या पांढऱ्या रिबिनी. होय, ती रिबिनींनाही इस्त्री करते. भांग असा काढते की मी पट्टी लावून तपासला तरी चूक सापडणार नाही. मी मनातल्या मनात तपासलेला आहे.

एकदा मी निघता निघता दारात थबकले, कारण लेक त्या दिवशी लवकर पाटावर बसली होती. जाऊ तिला म्हणत होती, "मान हलवू नगंस. हलवलीस तर भांग तुज्या आईसंगं एसटीनं कागलला जाईल." माझी पोरगी खळखळून हसली. माझ्या कुठल्याही बोलण्यावर ती तशी हसल्याचं मला आठवेना. कागलपर्यंत मला बसायला जागा मिळाली होती, पण ते हसणं काही मला टेकू देईना.

रविवारी मी हट्टाने तिला माझ्यापुढे बसवायची. गावभरच्या मुलींना बांधून देणारी मी, माझा हात काही वाईट नाही. पण ती आरशात बघायची, डोकं इकडून तिकडे हलवायची आणि म्हणायची, "छान आहे, आई." हे 'छान आहे' मी चांगलं ओळखते. डब्यातली भाजी आवडली नाही की मुलं बाईंना असंच सांगतात. दुपारी बघावं तर वेण्या बदललेल्या असायच्या, घट्ट, एकसारख्या, टोकांना फुलासारखी रिबीन. कुणी बदलल्या हे मी विचारायची नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

यंदा शाळा सुरू होताना पालकांच्या ग्रुपवर गणवेशाचे नियम आले. मी एसटीत वाचले. पांढरा शर्ट, निळा फ्रॉक, काळे बूट, कपाळावर काही लावायचं नाही, हातात दोरे-गंडे नकोत, ते नेहमीचंच. एक नियम मात्र नवा होता. केस लांब असतील तर दोन दुमडलेल्या वेण्या, मानेपर्यंत कापलेले असतील तर नुसता काळा हेअरबँड चालेल. एवढ्या वर्षांत शाळेच्या कुठल्या नियमावर मी इतकी खूश झाले नव्हते. हेअरबँड लावायला काकू कशाला लागते? तो पोरगी स्वतःच लावेल. वेण्याच नसतील तर पाट नाही, तेलाची वाटी नाही, आणि सकाळचा तो दरबारही नाही.

त्याच रविवारी मी तिला पार्लरमध्ये नेलं. मला वाटलं होतं ती रडेल, पण ती खुर्चीत ऐटीत बसली. केस खाली पडत होते तेव्हा मी तिच्याऐवजी स्वतःकडेच आरशात बघत होते, आणि मला फार बरं वाटत होतं. कापून झाल्यावर तिने मान जोरात हलवली. केस गालांवर आपटले तशी ती हसली. परत येताना मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. मला तर पेढे वाटावेसे वाटत होते.

जाऊ दारातच भेटली. तिने पोरीला गोल फिरवून चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "झ्याक दिसतीया की! बरं केलासा आक्का, माजा सकाळचा कुटाणा वाचला." मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. थोडं वाईट वाटलेलं, थोडं उतरलेलं. काही सापडलं नाही. ती कणीक मळायला आत निघून गेली आणि मला जिंकल्याचा आनंदही धड घेता आला नाही.

काही दिवसांनी लेकीच्या वर्गशिक्षिकेचा मला मेसेज आला. मुलीच्या शर्टाच्या कॉलरवर रोज गुलाबी डाग असतात, मानेला गुलाल लावून पाठवू नये, आपण स्वतः शिक्षिका आहात. ते शेवटचं वाक्य वाचून माझे कान तापले. घरी आल्या आल्या धुवायच्या बादलीतले शर्ट काढून बघितले. प्रत्येक कॉलरवर कानाच्या खाली गुलाबी ओघळ. हा आमच्याकडचा जोतिबाचा गुलाल, घामाने एकदा कापडात उतरला की घासून हात दुखले तरी पुरता निघत नाही.

"हा गुलाल कुठून आला?" मी लेकीला विचारलं.

"काकू लावते, कानामागे. पहिलीपासून लावते," ती म्हणाली. "पहिलं वेण्यांच्या आत झाकायचा. आता हेअरबँडने कान उघडे पडतात ना, म्हणून दिसतो."

"कधी लावते?"

"सकाळी. पाटावर बसल्यावर."

"पाटावर? तुझे केस कापलेत ना आता, मग पाटावर कशाला बसतेस?"

"बसते," ती म्हणाली. रोज जेवतेस कशाला असं विचारल्यावर कुणी उत्तर द्यावं, तसं.

म्हणजे केस गेले, वेण्या गेल्या आणि दरबार होता तिथेच होता. मला खूप राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागाच्या तळाशी थोडी खुशीही होती. आता माझ्या हातात काहीतरी होतं. नियम मोडला होता, डाग पडले होते, शिक्षिकेचा मेसेज आला होता. जाऊला चार शब्द सुनवायला इतकं सबळ कारण मला कधीच मिळालं नव्हतं.

सुनवायचं तर तिला पकडूनच, असं मी ठरवलं. माझ्या शाळेच्या गावची जत्रा होती, म्हणून आम्हाला स्थानिक सुट्टी मिळाली. कोल्हापुरातल्या शाळा चालू होत्या. मी मुद्दाम उशिरा उठल्याचं दाखवलं आणि केस हाताने कसेबसे गुंडाळून सोप्याच्या दारात येऊन उभी राहिले. पुतणीच्या वेण्या झाल्या होत्या, ती पोहे खात होती. माझी लेक पाटावर मांडी घालून, पाठ ताठ करून बसली होती. मागे जाऊ, हातात फणी.

"आता त्यात विंचरायला उरलंय काय?" मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा जास्तच चढला.

"केसं कापल्यात आक्का," जाऊ म्हणाली, "डोस्कं हाय की अजून."

पुतणी पोह्यांचा घास तोंडात घेऊन हसली. मी मोबाईल पुढे धरला, मेसेज वाचून दाखवला. म्हटलं, मी दुसऱ्यांची मुलं तपासते आणि माझ्याच मुलीच्या कॉलरवरून मला ऐकून घ्यावं लागतं. हा गुलाल हवाय कशाला?

जाऊने फणी मांडीवर ठेवली. ती हळू बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं. "पैलीत लई रडायची वो ही. रिक्षात चढायचीच न्हाय. माजा पदर सोडायची न्हाय. मग मी म्हटलं, जोतिबा तुज्या कानामागं बसलाय, बाईस्नी दिसत न्हाय, पर वर्गात तुज्यासंगंच येतोय. तवापासनं गप चढाय लागली. जोतिबाला कोण बी गेलं की मी पुडी मागून ठेवतो."

"मला कुणी सांगितलं नाही ते?"

"हीच नगं म्हणाली. आई एसटीत रडंल, म्हणाली."

लेक खाली बघून पाटाची कड नखाने खरवडत होती. मला जे वाटायला हवं होतं, म्हणजे कृतज्ञता वगैरे, ते मागाहून आलं. आधी आली ती जळजळच. तिचं हसणं काकूकडे होतं हे मला माहीत होतं. तिचं रडणंसुद्धा काकूकडे होतं, वर्षभर, आणि मला त्यातला एक थेंबही मिळाला नव्हता. मी तेव्हा कागलच्या पुढे दुसऱ्यांच्या रडणाऱ्या मुलांची नाकं पुसत होते.

सुनवायचे चार शब्द माझ्या तोंडातच राहिले. बाहेर आलं ते वेगळंच. "हेअरबँडच्या खाली लाव," मी म्हणाले. "बरोबर मधे, भांगात. कॉलरला लागणार नाही आणि तिथं कुठलीच बाई बघत नाही. मीसुद्धा बघत नाही." हे बोलताना माझ्या रांगेतल्या मुली डोळ्यांपुढून गेल्या. कुणाच्या केसांत कुणी काय लावून पाठवलं असेल, मला काय ठाऊक.

"आता कसं!" जाऊ पुन्हा नेहमीच्या आवाजात ओरडली. मग तिचं लक्ष माझ्या डोक्याकडे गेलं. "आनि ह्यो आंबाडा म्हनायचा का चिमणीचं घरटं? सुट्टी हाय न्हवं? बसा हितं. बसा म्हंतो न्हवं."

तिने लेकीला हाताने बाजूला सारलं आणि मला खांद्याला धरून पाटावर बसवलं. नाही म्हणायच्या आत माझे केस मोकळे झाले होते. तेल कोमट होतं. तिची बोटं टाळूपासून मानेपर्यंत एका लयीत खाली येत होती. माझी आई गेल्यापासून माझ्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. माझे डोळे आपोआप मिटले. डोळे मिटल्या मिटल्या मला पुन्हा राग आला, कारण ते खरोखरच फार सुखाचं होतं आणि केस कापूनही पोरगी तिथं का बसते हे मला पुरतं कळलं होतं.

"काकू, रिक्षा येईल," शेजारून आवाज आला.

"येऊ दे की."

"काकू, आधी माझं. मी आधी बसले होते." आणि माझ्या खांद्याला एक छोटा पण जोरदार धक्का बसला.

मी डोळे उघडले. लेक उभी होती, हेअरबँड मुठीत आवळलेला. नाकपुड्या फुगल्या होत्या, खालचा ओठ दातांखाली होता, आणि नजर माझ्याकडे नव्हतीच, ती काकूच्या बोटांवर खिळली होती. हे तोंड माझ्या ओळखीचं होतं. रोज सकाळी एसटीच्या खिडकीच्या काचेत मी ते बघत आले होते.

पोरगी माझीच होती, त्यात आता शंका उरली नव्हती. मी पाटावरून उठले नाही.