बबनची हरकत

माझा धाकटा भाऊ बबन गेला, ते मला फोनवर कळलं. थोरला भाचा संतोष बोलत होता. "आत्या, अण्णा गेले," म्हणाला, दोन हुंदके दिले, आणि लगेच म्हणाला, "येताना आधार कार्ड घेऊन या." मला वाटलं, आता प्रेताला हार घालायलाही आधार लागतं की काय! सरकारचा काही नेम नाही. म्हणून कार्ड पिशवीत टाकलं आणि कसब्यातून रिक्षा करून गेले. गेल्यावर कळलं, ते सरकारला नको होतं, भाच्यांना हवं होतं. बाप ओसरीवर आडवा पडलाय आणि धाकटा भाचा माझ्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढतोय. आमची चार एकर भाताची जमीन आहे, हिंजवडीच्या पलीकडे. सातबाऱ्यावर बबनच्या नावाखाली माझं नाव आहे. पोरांना एका कागदावर माझी सही पाहिजे होती. रडणं उरकलं की लगेच घ्यायची, असा बेत असावा. मी कार्ड परत घेतलं, पिशवीत ठेवलं आणि भावाच्या उशाशी जाऊन बसले.

दहाव्याला नदीकाठी मांडव घातला होता. आमच्याकडे दहाव्याला भाषणं करायची पद्धत झाली आहे. पांढरे कपडे घातलेली माणसं उशिरा येतात, माइक धरतात, मेलेल्याबद्दल चार वाक्यं आणि स्वतःबद्दल चौदा वाक्यं बोलतात, आणि पिंडाला कावळा शिवायच्या आत गाडीत बसतात. पहिला म्हणाला, अण्णा म्हणजे दूरदृष्टी. दुसरा म्हणाला, सगळं गाव जमिनी विकत सुटलेलं असताना या माणसाने सरकारी नकाशात आपला पट्टा भांडून हिरवा ठेवून घेतला, पर्यावरणाचा असा सेवक पुन्हा होणे नाही. तिसऱ्याने तर त्याचं नावच चुकवलं, बाळूअण्णा म्हणाला. मी बायकांत पदर तोंडाला लावून बसले होते. शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, तिला वाटलं मी रडतेय... मला हसू आवरत नव्हतं. पर्यावरण हा शब्द बबनला धड लिहिताही आला नसता. त्याची हरकत कशी झाली, ते माहीत असलेली दोनच माणसं होती. एक गेला. दुसरी मी. म्हणून लिहिते आहे.

बबन सातवी शिकला, मी चौथी. वडिलांनी मला भाताची रोपं उपटायला घरी बसवलं आणि त्याला शाळेत ठेवलं. त्या तीन इयत्ता त्याने जन्मभर माझ्या डोक्यावर वाटल्या. गावात कुणाचंही पत्र आलं की हा वाचायला पुढे. वाचता आलं नाही तर मनाचं घालायचा, पण थांबायचा नाही. पुढे पंचायतीत निवडून आला, मग तर विचारूच नका. मी लग्न होऊन कसब्यात आले. नवरा स्टो दुरुस्त करायचा, मी दारात बसून गिऱ्हाईक सांभाळायची. बबन महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने यायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा आणि मला जग शिकवून जायचा.

तेव्हा हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपन्या यायला लागल्या होत्या. काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि माळावर पाट्या लागत होत्या. त्या सुमाराला आसपासच्या गावांचा नवा नकाशा निघाला. कुठल्या जमिनीवर घरं बांधता येतील, कुठे नुसती शेतीच करायची, ते त्यात रंगांनी दाखवलं होतं. तो नकाशा कचेरीच्या भिंतीवर लावला आणि ज्याला पटत नसेल त्याने ठरावीक मुदतीत हरकत लिहून द्यावी, असं जाहीर झालं. बबन तो पाहून तडक माझ्याकडे आला. चपलाही दारात नीट काढल्या नाहीत.

"अक्के, आपल्याला पिवळ्यात टाकलंय बघ."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय काय! सरपंचाची समदी जमीन हिरवी, अन् आपली पिवळी. आपण काय दारिद्र्यरेषेच्या खालचे हाय व्हय?"

आता वाचणाऱ्यांना हे कळायला पाहिजे की त्याच दिवसांत रेशनकार्डं रंगाची झाली होती. गरिबाला पिवळं, बऱ्या घरच्यांना केशरी. दुकानदार रांगेत सगळ्यांसमोर ओरडायचा, "पिवळेवाले तिकडं व्हा!" बबनच्या घरी केशरी कार्ड होतं आणि ते तो पाहुण्यांना दाखवायचा. त्याच्या डोक्यात पिवळं म्हणजे गरीब, हे पक्कं बसलं होतं. आणि हिरवं म्हणजे बागाईत, पाण्याखालची जमीन, हे तर बापजाद्यांपासूनच. नकाशाच्या कोपऱ्यात रंगांचे अर्थ दिले होते म्हणे. तिथपर्यंत हा गेलाच नाही. मी म्हटलं, "बबन, कुणा शिकलेल्याला विचार तरी." तर म्हणाला, "मग मी कोण हाय? तू चौथी पास, तू गप ऱ्हा." मी गप्प राहिले. माझ्याही फळीवर केशरी कार्ड होतं आणि पिवळं म्हटल्यावर मलाही आत कुठेतरी लागलंच होतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याने घरोघर फिरून अर्जावर सह्या घेतल्या, अंगठे घेतले. पहिली सही माझी. सरपंचाने त्याला घरी बोलावून चहा पाजला आणि म्हणाला, "बबनराव, तुमचा स्वाभिमान पाहून बरं वाटलं." स्वतः मात्र त्याने गुपचूप उलटी हरकत दिली होती, माझी हिरवी जमीन पिवळी करा म्हणून. त्याला कोपरा वाचता आला होता: पिवळ्यात घरं, हिरव्यात नुसती शेती.

सुनावणीला बबन मलाही घेऊन गेला, सातबाऱ्यावर नाव म्हणून. पंख्याखाली एक चष्मेवाले साहेब बसले होते. दिवसभर हिरव्याचं पिवळं करा म्हणणारी माणसं ऐकून त्यांचा चेहरा आंबला होता. आमचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

"आपल्याला जमीन हिरव्या पट्ट्यात हवी आहे?"

"हिरव्यातच."

"नक्की? पुन्हा विचार करा."

"साहेब, आम्ही इमानदारीनं राहणारी माणसं हाय. पिवळ्यात बसायचो न्हाई."

साहेबाने मान खाली घातली आणि काहीतरी खरडलं. हसत असावा. अर्थ सांगायला त्याची दोन मिनिटं गेली असती. पण खुर्चीत बसलेल्या माणसाकडे दोन मिनिटं कधी असतात? बाहेर आल्यावर बबनने मला भजी खाऊ घातली, जिंकल्यासारखी.

पुढचं पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. रस्त्याच्या त्या बाजूला, सरपंचाच्या पिवळ्यात, वीस-वीस मजले चढले. गंमत अशी की त्या प्रत्येक इमारतीच्या नावात ग्रीन आहे. ग्रीन अमुक आणि ग्रीन तमुक. आत झाड म्हणावं तर कुंडीतलं. रस्त्याच्या या बाजूला आमचं खरं हिरवं. तिथे एक एजंट आला, बूट चिखलात न घालता बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, हे ग्रीन झोन आहे. याचं काही होत नाही." त्या दिवशी बबनला कळलं. आठ दिवस जेवला नाही, असं भावजय सांगायची.

चूक झाली म्हणाला असता तर मी त्याला भाऊ म्हणून जवळ घेतलं असतं. पण सातवी शिकलेला माणूस चुकेल कसा? महिनाभराने पारावर बसून सांगायला लागला, "म्या मुद्दाम केलं. पुढच्या पिढीला हिरवळ नको का?" लोकांना आधी हसू आलं, मग खरं वाटायला लागलं. कॉलेजची पोरं शेत बघायला आली. कुठल्याशा संस्थेने शाल आणि नारळ दिला. शाल पांघरून तो माझ्याकडे आला, भर उन्हाचा, आणि घाम पुसत बसून राहिला. मी म्हटलं, "काढ ती, उकडतंय." काढली नाही.

मग त्या शालीची किंमत सगळ्या घराने मोजली. पोरांनी बांधाच्या कडेला पत्र्याच्या खोल्या टाकल्या, कंपनीतल्या मुलांना भाड्याने द्यायला. सगळं गाव तेच करत होतं. हा माणूस उठला आणि कचेरीत जाऊन स्वतःच्या पोरांविरुद्ध तक्रार देऊन आला, शेतीच्या जमिनीत बेकायदा बांधकाम म्हणून. जेसीबी आला आणि खोल्या पाडून गेला. त्या दिवसापासून पोरं त्याच्याशी बोलेनात. भावजय वारल्यावर तो मागच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहिला. एक खोटं टिकवायला स्वतःच्या घरावर जेसीबी घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी तोंडावर त्याला मूर्ख म्हटलं. तो म्हणाला, "अक्के, आता माघारी फिरता येत न्हाई."

आणि तरी, हेही लिहायला हवं, की शेती त्याने सोडली नाही. समोरच्या गॅलऱ्यांतून लोक कॉफी पीत बघायचे आणि हा गुडघाभर चिखलात वाकलेला. आधी लाजेने केली असेल, मग सवयीने... शेवटी कशाने करत होता ते मला सांगता येणार नाही.

जाण्याआधी दोन महिने तो शेवटचा माझ्याकडे आला. जिना चढताना तीनदा थांबला. चहा पिऊन कप खाली ठेवला. मग म्हणाला, "अक्के, मला तो पिवळा रेशनकार्डाचा वाटला हुता."

"मला कधीच कळलं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू शाल घेऊन फिरत होतास. बोलू कुठे?"

हसला. दात नव्हतेच फारसे. म्हणाला, "पोरांना सांगू नगंस." नाही सांगितलं.

पण पोरांनी त्याचा जुना अर्ज कचेरीतून शोधून काढला, आणि तो फिरवायला त्यांना माझी सही हवी होती. आता पुन्हा नवा नकाशा निघाला आहे, पुन्हा हरकतींची मुदत होती. तेराव्यानंतर चार दिवसांनी दोघे कसब्यात आले. संतोष इंजिनिअर आहे, मोठ्या कंपनीत. त्याने कागद पुढे केला.

"आत्या, फक्त एक साइन. परवा लास्ट डेट आहे. मागच्या हरकतीवर पहिली सही तुमची आहे, त्यामुळे वकील म्हणतो तुमची लागणारच."

"वाच."

"सगळं काय वाचायचं, टेक्निकल असतं..."

"मग मीच वाचते." चष्मा लावला. बोट ठेवत ठेवत वाचायला मला वेळ लागतो. दोघे मोबाइल बघत बसले. जमीन निवासी विभागात घ्यावी, इथपर्यंत ठीक होतं. मीही म्हातारी झाले, ती जमीन कुठल्या रंगाची राहिली तर माझं काय जातंय? पण खाली लिहिलं होतं, 'आमचे मयत वडील हे अशिक्षित व अज्ञानी असल्याने त्यांनी पूर्वी चुकीची हरकत नोंदवली होती.'

"अशिक्षित कोण?" मी विचारलं.

"आत्या, ते लीगल लँग्वेज आहे."

"दहाव्याला दूरदृष्टीचा होता."

"ते भाषण होतं हो. हे काम आहे."

मी म्हटलं, ही ओळ खोडा, लगेच सही करते. संतोष म्हणाला, खोडता येत नाही, सगळी केस त्या ओळीवर उभी आहे. धाकटा म्हणाला, "पण खरंच आहे ना ते, आत्या? तुम्हीच तर त्यांना मूर्ख म्हणायचात."

म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, त्याला चहा देऊन म्हणायचे. आजही छापून सांगतेय, सगळ्यांना कळू दे, तो चुकला आणि चूक कबूल करायची त्याची छाती नव्हती. पण तो मेल्यावर सतराव्या दिवशी त्याला अज्ञानी ठरवून, खाली माझी सही घेऊन, त्या सहीवर मजले चढवायचे... तो कागद मी घडी घालून संतोषच्या खिशात ठेवला. मुदत संपली. तेव्हापासून भाचे माझ्याशी बोलत नाहीत. घरात शांतता आहे, बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात धाकट्या सुनेने मात्र बोलावलं. मागची खोली रिकामी करायची होती, आणि सासऱ्याच्या वस्तूंना हात लावायला तिचा जीव होईना. वस्तू तरी काय? एक कांबळं, एक तवा. खाटेखाली एक पोतं होतं, सुतळीने घट्ट बांधलेलं. त्यावर वहीच्या पानाची चिठ्ठी टाचलेली, बबनच्या हातची. 'बियाणे आहे. कोणी खाऊ नये.' सोडून पाहिलं. आंबेमोहोर होता, निवडलेला, एक खडा नाही. मुठीत घेतला तर खोलीभर वास झाला... पुढच्या हंगामाचं भात त्याने जाण्याआधी बाजूला काढून ठेवलं होतं. कुणासाठी, ते त्याने लिहिलं नव्हतं.

सून दारात उभी होती. म्हणाली, "आत्या, आता हे पेरणार कोण?"

मी पोतं पुन्हा बांधलं. म्हटलं, "दोन्ही भावांना विचार. अशिक्षित बापाला जमत होतं, शिकलेल्यांना जमेलच."