संगीताच्या प्रोग्राममध्ये न झालेली चूक

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच – संगीताचं नाव निघालं की ती अजून हळहळते, एवढी हुशार पोरगी आणि शिक्षण अर्धवट राहिलं म्हणते. ते कशामुळे राहिलं, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला का सांगतोय? ओळखीच्या माणसापुढे जीभ रेटत नाही म्हणून असेल.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. मी आणि संगीता एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. विषय काढला की लोक जांभई देतात, तरी सांगतो, कारण माझं पाप त्या विषयातच आहे. काही पदार्थांत अणूंचे चिमुकले चुंबक एका ओळीत बांधल्यासारखे असतात. त्या ओळीला एखादा पीळ पडला, की तो न विस्कटता पुढे पुढे सरकत राहतो. त्याला सॉलिटॉन म्हणतात. आता समोरासमोरून असे दोन पीळ आले तर? माझा सगळा प्रबंध एका उत्तरावर उभा होता – ते एकमेकांतून आरपार जातात आणि जसेच्या तसे राहतात. चुंबक एकाच प्रतलात फिरतात असं धरलं, तर गणित हेच सांगतं. मी तसं धरलं होतं. सरांनीही.

संगीतानं धरलं नाही. हट्टी होती. खरे चुंबक थोडे तरी बाहेर कलणारच, म्हणाली, आणि तसा प्रोग्राम लिहिला. तिच्या पडद्यावर दोन पीळ धडकले आणि – संपले. मागे नुसती थरथर. सर म्हणाले, "अगं, टाइम स्टेप मोठी घेतलीयस, त्याचा हा कचरा. बारीक करून दाखव."

बारीक स्टेप घ्यायची, म्हणजे काळाचे आणखी लहान तुकडे पाडून हिशोब करायचा, तर कॉम्प्युटर दिवसभर, रात्रभर अखंड चालायला हवा. ती राहायची बदलापूर गावात. तेव्हाचं लोडशेडिंग आठवतंय ना? रन अर्ध्यावर आला की वीज जायची, की पुन्हा पहिल्यापासून. मधेच जतन करायची अक्कल आम्हा दोघांनाही नव्हती. आमच्याकडे अंबरनाथ पश्चिमेला इन्व्हर्टर होता, वडील कारखान्यात अधिकारी. तिनं सीडी माझ्या हातात ठेवली. "तूच चालव ना रे. तू बघितलंस की माझी खात्री होईल."

मी चालवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताटावरून उठून पाहिलं. पीळ धडकले, संपले. स्टेप आणखी बारीक केली. पुन्हा तेच – दोन आलेख एकावर एक ठेवले, तर रेघसुद्धा हलली नव्हती. म्हणजे तिचं बरोबर होतं. म्हणजे माझा प्रबंध... तो त्याच महिन्यात द्यायचा होता, कॉलेजातली नोकरी त्यावर अडली होती. आता थांबायचं? पुन्हा सगळं लिहायचं? मला भीती वाटली. नुसती भीती? नाही – हेवाही वाटला. ते मला सुचायला हवं होतं.

मी तिला सांगितलं, "स्टेप बारीक केली की आरपार जातात गं. सर म्हणाले तेच."

तिनं आलेख मागितला नाही. कपाळाला हात लावून हसली. "बरं झालं तू बघितलंस, नाहीतर शोभा झाली असती." सगळं काम तिनं बाजूला ठेवलं. नवं काही जमेपर्यंत शिष्यवृत्तीची मुदत संपली, घरी धाकट्यांची शिक्षणं होती. तिनं उल्हासनगरला बारावीच्या फिजिक्सचे क्लास काढले. मी डॉक्टर झालो. प्रबंधातल्या त्या पानांवर परीक्षकांनी माझं कौतुक केलं, तेही मी ऐकून घेतलं.

तीन-चार वर्षांनी तिनं मला क्लासच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून बोलावलं. गेलो. नाही म्हणायलाही धीर लागतो, तोही नव्हता. हॉलमध्ये निम्मी मुलं सिंधी, त्यामुळे ती हिंदी-मराठी मिसळून बोलत होती. "बच्चों, रिसर्च में मेरी एक बड़ी गलती हुई थी. या सरांनी ती पकडली. आपली चूक तोंडावर सांगणारा दोस्त मिलना, ये नसीब की बात है." मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिनं मला शाल घातली आणि माईक दिला.

तेव्हा तरी? एक वाक्य पुरलं असतं. ती माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती, माझ्याकडे बघत.

मी म्हणालो, "चूक कबूल करायला मोठं मन लागतं. ते तुमच्या मॅडमकडून शिका."

तिचे डोळे भरून आले.