स्थळाची चौकशी

आमच्या घाटकोपरच्या चाळीत कुणी अनोळखी माणूस एखाद्या मुलीबद्दल विचारू लागला, की स्थळाची चौकशी आली, हे ठरलेलं. त्याच्यापुढे मुलीला नावं ठेवायची नाहीत, विचारेल ते सगळं सांगायचं. त्यामुळे एरवी माझ्या नावाने बोटं मोडणाऱ्या शेजारणीनेही त्या दिवशी माझे गुण गायले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. गोवंडीच्या झोपडपट्टीत बायकांना लिहायला शिकवायचे आणि घरं तोडू नका म्हणून त्यांचे अर्ज लिहायचे. वॉर्ड ऑफिससमोर गुमान बसून राहायचं, एवढंच आमचं बंड. आईला फक्त शिकवण्याचं ठाऊक होतं.

घरी आले तर आई शिरा ढवळत होती.

"अगो, स्थळाचो माणूस इल्लो! आपल्याच बाजूचो, कुडाळचो. बूट भायर काढून बसलो."

"कसले बूट?"

"तपकिरी. चकचकीत."

मागच्या आठवड्यात आमच्या सभेत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पायांत तसेच बूट होते. साध्या कपड्यांतल्या पोलिसाचे म्हणून कुणीतरी मला ते दाखवलेही होते.

"पत्रिका मागितली?"

"नाय."

"पगार विचारला?"

"नाय गो. तू खंयची बस पकडतंस, कोणाच्या घरात शिकवतंस, ताच इचारी होतो."

आणि आईने सांगितलं होतं. जिच्या घरात आमचा वर्ग भरायचा त्या माझ्या मैत्रिणीचं नाव, तिची गल्ली, तिचा नवरा म्युनिसिपालिटीत झाडू खात्यात आहे, हेसुद्धा. तो अजून बदली कामगार होता, कायम व्हायच्या बेतात. म्हणून तर आमच्या एकाही कागदावर तिचं नाव आम्ही येऊ दिलं नव्हतं. आईवर ओरडावंसं वाटलं, पण तिला काय सांगणार? तिने मुलीचं भलंच चिंतलं होतं.

मैत्रिणीला सावध करायला लगेच निघायला हवं होतं. मी चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. खाली पानवाल्याकडे एक माणूस उभा होता. तो कुणीही असेल. दुसऱ्या दिवशीही तिथे कुणीतरी होतंच. भीतीला कारणं सापडायला वेळ लागत नाही. माझ्यामागून ते तिच्या दारात जातील, असं मी स्वतःला समजावत राहिले. पत्ता तर त्यांच्याकडे आधीच होता.

पाचव्या दिवशी दुपारी तीच आली. चेहरा उतरलेला.

"काय गं, आजारी पडलीस? वर्गाला आली नाहीस," ती म्हणाली. "ह्यांना कालपासून कामावर घेत नाहीत. वरून ऑर्डर आहे म्हणतात. साहेबाला एक अर्ज लिहून दे ना. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी तिला आत ये म्हटलं नाही. आधी तिच्या खांद्यावरून वाकून गॅलरीत कोण आहे ते पाहिलं.